केराबाईचं नाव छापून आलं

गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत केराबाईच्या शेळ्या बाळीवेशीतून पेठेत शिरायच्या. पुढं काळी, तिच्यामागं चार, आणि सगळ्यांच्या मागं खांद्यावर घोंगडं टाकून, हातात पितळी चरवी धरून केराबाई. सत्तावीस-अठ्ठावीस सालची ही गोष्ट. त्या वेळी सोलापुरातल्या दोन-तीन पेठा तिच्या हाळीनं जाग्या व्हायच्या. "दूऽध हाय, शेळीचं!" एवढंच ती ओरडायची, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला निजलेलं पोरही कूस बदलायचं.

शेळीचं दूध कुणी चहाला घेत नाही. बाळंतिणीला पान्हा फुटला नाही, कुणी तापातून उठलं, कुणा म्हाताऱ्याला दुसरं काही पचेना झालं, की त्या घरी केराबाईला बोलावणं यायचं. त्यामुळं कुणाच्या घरी पाळणा हलला आणि कुणाच्या घरी आता फार दिवस उरले नाहीत, हे तिला भाऊबंदांच्याही आधी कळायचं. ती दाराशीच शेळी पिळायची. घरातली बाई समोर भांडं धरून उकिडवी बसायची आणि दुधाच्या धारेबरोबर बोलणंही सुरू व्हायचं. दोन घरं झाली की पहिल्या घरचं दुसऱ्या घरी पोचलेलं असायचं. पण केराबाई लावालावी करणारी नव्हती. कुणाच्या घरी लुगडं नाही हे ऐकून तिसऱ्या घरातून तिनं जुनं लुगडं मागून नेऊन दिलेलं लोकांनी पाहिलं होतं.

ती मूळची सांगोल्याकडची, धनगराची. नवरा येडू मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेला. पुढच्याच सालात पाऊस दडला आणि मेंढरं एकामागून एक आडवी झाली. पोटी काही टिकलं नव्हतं. दिराच्या उंबऱ्यावर बसून शिळी भाकरी खाण्यापेक्षा उरलेल्या तीन शेळ्या पुढं घालून ती चालत सोलापूरला आली. वेशीबाहेर तिनं पाल टाकलं, पुढं त्याचं झोपडं झालं, तीन शेळ्यांच्या पाच झाल्या. एवढ्या मोठ्या गावात तिचं असं कुणी नव्हतं. सकाळच्या त्या दोन-तीन तासांत मात्र ती वीस घरांची होती.

त्या वीस घरांतलं एक घर वेणीमाधवरावांचं. ते आधी शाळेत मास्तर होते. मास्तरकी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत हातानं चालवायचं छापयंत्र आणून बसवलं होतं आणि त्यावर दर शनिवारी चार पानांचं पत्र काढायचे. पहिली तीन पानं मुंबई-पुण्याच्या जुन्या बातम्यांनी आणि औषधांच्या जाहिरातींनी भरलेली असायची. पत्र फारसं खपत नव्हतं. त्यांची बायको मालती विशीतली. पहिली मुलगी झाली, पद्मजा, आणि मालतीला दूध आलं नाही, म्हणून केराबाई त्या घरी जाऊ लागली.

मालतीचं माहेर लांब होतं. सासू नव्हती, आणि नवरा दिवसभर शाईत. केराबाई आली की ती मुलीला मांडीवर घेऊन दारातच बसायची आणि म्हणायची, "हं, सांग केराबाई. काल काय झालं?"

असं केराबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक तिचं ऐकायचे ते हातानं काहीतरी करता करता. ही बाई डोळे मोठे करून ऐकायची, मध्येच "अगंबाई!" म्हणायची, आणि पुढं काय झालं ते कळल्याशिवाय दुधाचं भांडं आत नेत नसे. त्या घरी केराबाईच्या शेळीला दूध उतरायला जरा जास्तच वेळ लागायचा.

एकदा तिनं साखर पेठेतल्या नळाचं सांगितलं. चार दिवस नळ कोरडा होता. बाया पहाटेपासून घागरी लावून बसायच्या, आणि एक गरोदर बाई तिथंच चक्कर येऊन पडली होती. कचेरीत सांगायला गेलेल्या म्हाताऱ्याला शिपायानं हाकलून दिलं होतं. केराबाई सांगत असताना आतल्या खोलीतला यंत्राचा खडखडाट थांबला, हे तिच्या ध्यानात आलं नाही. शनिवारी ती दूध घालायला आली तेव्हा मालती हातात पत्र घेऊन दारात उभी होती.

"बस. ऐक," मालती म्हणाली आणि वाचू लागली. 'पेठोपेठी' असा मथळा होता, आणि खाली नळ, घागरी, चक्कर आलेली बाई, हाकललेला म्हातारा, सगळं होतं. म्हाताऱ्यानं परत येताना जे म्हटलं होतं, "आमची तहान काय कागदावर लिवून द्यावी लागती व्हय?", ते शब्दसुद्धा जसेच्या तसे.

केराबाईनं हातातली चरवी खाली ठेवली. "वैनी, ह्ये तर म्या सांगितल्यालं."

"तूच सांगितलंस की!" मालती हसली. "सगळं गाव वाचतंय आता."

मंगळवारी नळाला पाणी आलं. केराबाई वाट वाकडी करून मुद्दाम साखर पेठेत गेली आणि बराच वेळ उभी राहून वाहत्या नळाकडं बघत राहिली. बाया भांडत होत्या, घागरी आदळत होत्या. हे पाणी कुणामुळं आलं हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही. पण त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

त्यानंतर 'पेठोपेठी' दर शनिवारी येऊ लागलं. सिद्धेश्वराच्या जत्रेत हरवलेली मुलगी कुणाच्या घरी सुखरूप आहे, कुठल्या विहिरीत कुत्रं मरून पडलंय, कोणत्या म्हातारीला मुलगा सांभाळत नाही. केराबाई दारात बसून सांगायची आणि आत वेणीमाधवराव लिहून घ्यायचे. पत्राचा खप वाढला. बाजाराजवळच्या चहाच्या दुकानात शनिवारी सकाळी गिरणीतला गंगाधर कारकून बाकावर उभा राहून ते सदर मोठ्यानं वाचायचा आणि रात्रपाळी करून आलेले लोक कपबशी हातात धरून ऐकायचे. केराबाई शेळ्या घेऊन दुकानाबाहेर कडुनिंबाखाली उभी राहायची. लोक हसले की तिच्या मनात यायचं, ते माझं वाक्य. लोक गप्प झाले की तेही माझंच. ती कुणाला काही बोलायची नाही. पत्रात तिचं नाव कधी नसायचं. ते असावं असंही तिच्या मनात आलं नव्हतं. मुळात आपलं नाव कागदावर कसं दिसतं हेच तिला माहीत नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं. पद्मजा चालायला लागली, दूध बंद झालं, तरी केराबाई त्या दारात बसायचीच. पण रोज काही नळ कोरडा पडत नाही. काही दिवस असे यायचे की वीस घरांत नवं काही नसायचं. मालती म्हणायची, "आज काही नाही होय?" आणि तिचा चेहरा असा उतरायचा की केराबाईला रिकाम्या हातानं पाहुणी गेल्यासारखं वाटायचं. मग ती सांगण्यात थोडं तिखटमीठ घालू लागली. दोन बायांचं भांडण झालं असेल तर एकीनं दुसरीच्या झिंज्या धरल्या असं व्हायचं. म्हातारा पडला असेल तर तो जिन्यावरून पडायचा. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, आणि म्हणून तिला त्याचं काही वाटलंही नाही.

शुक्रवार पेठेत श्रीमंतअण्णांचं घर होतं. भुसाराचा व्यापार, लिंगायत माणूस, शांत आणि मोजकं बोलणारा. त्यांची थोरली लेक जगदेवी सतरा वर्षांची. वैशाखात तिला हिवताप आला तो वीस दिवस हटला नाही. ताप गेला, पण पोर अगदी हडकली. वैद्यानं शेळीचं दूध सांगितलं म्हणून केराबाई तिथं जाऊ लागली. जगदेवीचं लग्न अक्कलकोटच्या एका चांगल्या घरी ठरलं होतं, मार्गशीर्षात व्हायचं होतं. तिची आई सोजरबाई म्हणायची, "केराबाई, तोवर पोरगी भरली पाहिजे बघ अंगानं." केराबाई तिला काळीचं दूध द्यायची, ते सगळ्यांत दाट. जगदेवी भांडं तोंडाला लावून उभ्या उभ्या प्यायची आणि ओठावरची दुधाची पांढरी मिशी दाखवून हसायची.

श्रावणातल्या एका सकाळी केराबाई तिथं गेली तेव्हा परसात दोन बाया उखळात मिरची कुटत होत्या. खकाणा घरभर झाला होता. शेळी शिंकत होती, केराबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. जगदेवी भांडं घेऊन दारात आली आणि तिला असा ठसका लागला की चौकटीला धरून ती वाकली. डोळे लाल झाले, पदर तोंडाला लावला. मग हसत म्हणाली, "अव्वा गं, मारून टाकतील ह्या बाया!"

एवढंच घडलं होतं.

तिथून केराबाई मालतीकडं आली. मालतीकडं त्या दिवशी पाहुणे यायचे होते. ती दारात बसली खरी, पण सूप घेऊन तांदूळ निवडत होती आणि तिचं लक्ष आत चुलीकडं होतं. केराबाईनं एका घरचं सांगितलं. "हं," मालती म्हणाली. दुसऱ्या घरचं सांगितलं. "हं." मान वर झाली नाही. केराबाई जरा पुढं सरकली. मग म्हणाली, "ती शुक्रवार पेठेतली जगदेवी हाय न्हवं, लगीन ठरलेली? लई खोकती पोर. चौकटीला धरून वाकली की आज."

मालतीची मान वर झाली. "खोकते? कशानं गं?"

मिरचीचं नाव केराबाईच्या जिभेवर आलं होतं. पण मालतीचे हात सुपात थांबले होते, डोळे मोठे झाले होते, अगदी पहिल्यासारखे. केराबाई म्हणाली, "कशानं म्हंजे... पदर लाल झाल्यावानी दिसला मला. दूध चालू हाय ते काय उगाच व्हय?"

"अगंबाई!" मालतीनं सूप खाली ठेवलं. "क्षय?"

"मला काय ठावं वैनी. म्या आपली बगितलं ते सांगते."

आतून वेणीमाधवराव बाहेर आले. एरवी ते कधी बाहेर येत नसत. कानावर टाक होता. "कुठल्या घरची म्हणालीस?"

मालक स्वतः विचारतायत म्हटल्यावर केराबाई सावरून बसली. घर सांगितलं, बापाचा धंदा सांगितला, लग्न कुठं ठरलंय तेही सांगितलं. मग एकदम भ्यायल्यासारखी म्हणाली, "पर मालक, ह्ये कागदात नगं. पोरीचं लगीन हाय."

"नाव कुणाचं छापायचं नाही, एवढं कळतं मला," ते म्हणाले आणि आत गेले.

शनिवारी आलेल्या मजकुरात खरंच नाव नव्हतं. 'शुक्रवार पेठेतील एका सधन भुसार व्यापाऱ्याच्या घरी,' असं होतं, 'विवाह ठरलेल्या कन्येस क्षयाची बाधा झाली असून रक्त पडेपर्यंत मजल गेली असताही ही गोष्ट अक्कलकोट येथील वरपक्षापासून लपवून ठेवण्यात येत आहे असे समजते. अशाने एका घरचा रोग दुसऱ्या घरी जातो, याचा समाजाने विचार करावा.' मालतीनं वाचून दाखवलं तेव्हा केराबाईला अर्धे शब्द कळले नाहीत. पण शुक्रवार पेठ कळली, अक्कलकोट कळलं, रक्त कळलं.

"वैनी, ह्यात पोरगी वळखू येती की," ती म्हणाली.

"नाव कुठं आहे?" मालती म्हणाली, पण तिनं पत्र घडी करून पटकन मागं ठेवलं.

शुक्रवार पेठेत लग्न ठरलेली मुलगी असलेला भुसार व्यापारी एकच होता. पाचव्या दिवशी अक्कलकोटहून दोन माणसं आली, ओसरीवर बसली, पाणीसुद्धा न पिता लग्नाची सुपारी परत ठेवून गेली. श्रीमंतअण्णांनी मुलीला दोन डॉक्टरांना दाखवलं. छातीत काही नव्हतं. दोघांनी तसं लिहून दिलं. तो कागद घेऊन अण्णा स्वतः अक्कलकोटला गेले. मुलाच्या बापानं कागद वाचला, कपाळाला लावून परत दिला आणि म्हणाला, "असेल हो खरं. पण एकदा छापून आलं ना."

मग अण्णा वकिलाला घेऊन वेणीमाधवरावांच्या दारात उभे राहिले. आत काय बोलणं झालं ते केराबाईला कळलं नाही. त्या शनिवारी ती नेहमीसारखी गेली तर मालती दारात नव्हती. हाक मारल्यावर आली, पत्र हातात घेतलं, आणि एका चोरीची आणि एका कीर्तनाची बातमी भरभर वाचून दाखवली.

"पेठोपेठी न्हाय व्हय आज?" केराबाईनं विचारलं.

"नाही. आज जागा नव्हती." मालतीनं मान वर केली नाही. शेळी ओरडली तसं तिनं दार लोटून घेतलं.

केराबाई चहाच्या दुकानाकडं गेली. गंगाधर कारकून बाकावर उभा होता. तिला बघून तो वाचता वाचता थांबला. बाकीच्यांनी मागं वळून पाहिलं.

"वाच की," कुणीतरी म्हणालं. "हाय तितंच ती. ऐकू दे तिला बी."

गंगाधरनं घसा खाकरला. वाईट वाटत असल्यासारखा तो हळू वाचू लागला, पण त्याचा आवाज मुळातच मोठा. 'दिलगिरी. मागील एका अंकी शुक्रवार पेठेतील एका कन्येविषयी आलेला मजकूर सर्वस्वी खोटा असून त्याबद्दल आम्हांस अत्यंत खेद होत आहे. सदर मजकूर दारोदार शेळीचे दूध घालणाऱ्या केराबाई नावाच्या एका अडाणी व वाचाळ बाईच्या सांगण्यावरून आमच्याकडे आला होता. अशा बायांना घरात थारा देताना वाचकांनी सावधगिरी बाळगावी.'

दीड वर्षात पहिल्यांदा केराबाईचं नाव छापून आलं ते असं.

कुणी शिवी दिली नाही. एक जण फक्त कपबशी खाली ठेवून म्हणाला, "आमच्या बी घरला येती की ही." केराबाई कडुनिंबाखाली उभी होती. काळीनं तिच्या लुगड्याचा काठ तोंडात धरून ओढला तेव्हा ती भानावर आली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून दारं बंद होऊ लागली. काही बाया सरळ म्हणाल्या, "उद्यापासून नको." काहींनी दारच उघडलं नाही, आतून पोराला चूप केल्याचं ऐकू आलं. ज्या बाईला तिनं जुनं लुगडं मागून आणून दिलं होतं, ती म्हणाली, "केराबाई, तुझं दूध चांगलं हाय गं. पर तुझं तोंड आमाला परवडायचं न्हाय." आठ दिवसांत विसातली तीन घरं राहिली आणि त्या तिन्ही घरी शेळी पिळून होईपर्यंत कुणी समोर बसायचं नाही.

एके सकाळी ती वेणीमाधवरावांकडं गेली. ते छपाईचे खिळे जुळवत होते.

"मालक, म्या म्हनलं व्हतं, कागदात नगं."

"म्हणाली होतीस," ते म्हणाले. खोटं ते बोलले नाहीत. "पण रक्त पडतं हेही तूच म्हणाली होतीस. ते खरं होतं का?"

केराबाईनं चरवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्यांनी अब्रूची फिर्याद लावली असती. यंत्र गेलं असतं, पत्र बंद पडलं असतं. कुणाचं तरी नाव द्यावंच लागलं. पत्र गावाचं आहे, केराबाई."

"आन् मी?"

त्यांनी एक खिळा उचलून बघितला. केराबाई म्हणाली, "नळाला पानी आलं तवा न्हाय छापलं माजं नाव. जत्रंतली पोरगी गावली तवा न्हाय."

"तू कधी मागितलं नाहीस," वेणीमाधवराव म्हणाले. आणि पुढचा खिळा हातात घेतला.

आतल्या दारात मालती उभी होती. ती रडत होती, पण पुढं आली नाही.

एक दार उरलं होतं, आणि तिथं जायचं धाडस केराबाईला महिनाभर झालं नाही. शेवटी एका दुपारी ती श्रीमंतअण्णांच्या परसदारी गेली. अण्णा घरी नव्हते. सोजरबाईनं तिला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेली. जगदेवी बाहेर आली. अंगानं भरली होती. गालांवर तजेला आला होता.

"पाया पडाया आले," केराबाई म्हणाली आणि वाकली.

जगदेवी मागं सरली. "पाया नको. एक सांग मला. मी खोकले त्या दिवशी परसात बाया मिरची कुटत होत्या. तू इथंच होतीस. होतीस का नव्हतीस?"

"व्हते."

"तुझेही डोळे वाहत होते."

"व्हय."

"मग मिरची का नाही सांगितलीस?"

केराबाईनं येताना मनाशी पुष्कळ जुळवून आणलं होतं. मला तसंच दिसलं, मालकांनीच वाढवलं, माझ्या कपाळात होतं. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना. या पोरीला तरी खरं सांगावं म्हणून ती म्हणाली, "वैनीचं ध्यान नव्हतं, माय. तांदूळ निवडत व्हती ती. माज्याकडं बगतच नव्हती."

जगदेवीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यापाईच."

"दुसरं काही नाही? आमच्यावर राग, कुणी शिकवलं, काही?"

"न्हाय."

जगदेवीनं दाराच्या कडीला हात घातला. "काही तरी असतं तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. तिनं दार लावून घेतलं, जोरात नाही, नेहमी लावतात तसंच.

मार्गशीर्षात त्या घरी मांडव पडला नाही. पुढच्या फाल्गुनात जगदेवीला वैरागच्या एका बिजवराला दिलं. वय चाळिशीचं, पहिलीची तीन मुलं. घर खातंपितं होतं, माणूस वाईट नव्हता असं म्हणतात. आणखी काही केराबाईच्या कानावर आलं नाही. तिनं विचारलंही नाही, आणि विचारायला आता दार नव्हतं.

'पेठोपेठी' चार आठवड्यांनी पुन्हा सुरू झालं. कुणी म्हणे एक न्हावी बातम्या पुरवतो. सदर आणखी लोकांना आवडू लागलं. दोन-तीन वर्षांनी वेणीमाधवरावांचा शहरातल्या मंडळींनी हार घालून सत्कार केला तेव्हा एक वक्ता म्हणाला, चूक झाली तर ती छापून कबूल करणारा असा संपादक विरळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केराबाईच्या शेळ्या एकेक करून गेल्या. काळी म्हातारी होऊन दावणीलाच मेली. शेवटची शेळी खाटकाला न देता तिनं गावाकडच्या एका धनगराच्या हवाली केली आणि ती गिरणीत लागली, कापसातला कचरा निवडायच्या खात्यात. तिथं बायांची रांग बसायची, हवेत कापूस उडायचा, आणि बाजूच्या खात्यातल्या यंत्रांच्या आवाजात बोललेलं शेजारणीलाही ऐकू यायचं नाही. केराबाईला ते बरं वाटायचं. सुट्टीत बाया भाकरी सोडून गोल बसायच्या. ती भिंतीकडं तोंड करून खायची. कुणी काही विचारलं तर "मला काय ठावं" एवढंच म्हणायची. नव्या बायांना वाटायचं ही मुळातच अबोल असावी.

तेहतीस सालच्या उन्हाळ्यात त्या खात्यात बनाबाई नावाची एक पोर लागली. बार्शीकडची, नवऱ्यानं टाकलेली, वय फार तर वीस. तिला केराबाईच्या शेजारीच बसवलं होतं. ती केराबाईला मावशी म्हणायची, आपल्या डब्यातली शेंगाचटणी तिच्या भाकरीवर ठेवायची, आणि उत्तराची वाट न बघता आपलं सांगत राहायची. केराबाई ऐकायची. कधी कधी तिच्या तोंडावर हसूही यायचं.

खात्याचा मुकादम त्या पोरीच्या मागं होता. एकदा दुपारी टोपल्या बघायच्या निमित्तानं तो आला, वाकला, आणि त्यानं तिचा दंड धरून ओढलं. बनाबाईनं हातातली टोपली त्याच्या तोंडावर मारली. भांडण साहेबांपर्यंत गेलं. मुकादम म्हणाला, काम नीट कर म्हटलं म्हणून बाईनं हात उचलला. बनाबाई म्हणाली, "माज्या शेजारी मावशी व्हती. तिला इचारा."

केराबाईला आत बोलावलं. टेबलामागं साहेब, बाजूला कारकून दौत-टाक घेऊन बसलेला, कोपऱ्यात मुकादम, आणि दाराशी बनाबाई. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मावशी आली होती.

"काय बघितलंस तू?" कारकुनानं विचारलं आणि टाक दौतीत बुडवला.

केराबाईनं सगळं बघितलं होतं. दंडावर उमटलेली बोटंसुद्धा. पण तो टाक कागदावर टेकायला निघालेला तिला दिसला. आता मी बोलीन ते तिथं लिहिलं जाईल. त्यात एखादा शब्द माझ्याकडून जास्त गेला तर? कमी गेला तर? मुकादमानं दंड धरला होता की मनगट? डावा की उजवा? सगळं डोळ्यांसमोर असून तिला कशाचीच खात्री वाटेना. आपल्या जिभेचा भरवसा तिला उरला नव्हता.

"सांग की," कारकून म्हणाला.

"मला काय ठावं न्हाय साहेब," केराबाई म्हणाली. "माजं ध्यान कामात व्हतं."

कारकुनानं ते लिहून घेतलं. अंगठा उमटवायला सांगितला, तिनं उमटवला.

बनाबाईला त्याच दिवशी काढून टाकलं. ती खात्यात आली, आपलं भाकरीचं फडकं आणि पाण्याचा तांब्या उचलला. बाकीच्या बाया माना खाली घालून कापूस निवडत होत्या. जाताना ती केराबाईजवळ थांबली. काहीतरी बोललीही, पण बाजूच्या यंत्रांच्या आवाजात ते केराबाईला ऐकू आलं नाही. परत सांग म्हणायला तिनं तोंड उघडेपर्यंत पोर दारातून बाहेर पडली होती.